'एन्थ्रॉलिंग' हा शब्द कुणाच्या तोंडी शोभतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'एन्थ्रॉलिंग'चा मराठी अर्थ शब्दकोशात 'मोहक' असा सापडला; मग 'इंटरेस्टिंग' लिहून लिहून कंटाळा आला की त्याच्या जागी हा घातला तर चालेल का? सोबत तुम्ही स्वतःची तीन वाक्यं दिली आहेत. पहिलं सवाई गंधर्व महोत्सवाहून आल्यावर लिहिलेलं: 'आय वॉज व्हेरी एन्थ्रॉलिंग बाय द कॉन्सर्ट.' दुसरं ऑफिसातल्या प्रशिक्षणाबद्दल साहेबांना पाठवलेलं: 'द जीएसटी सेशन वॉज एन्थ्रॉलिंग.' आणि तिसरं नोकरीच्या अर्जातलं: 'आय अ‍ॅम अ‍ॅन एन्थ्रॉलिंग स्पीकर.'

मी पुण्यात अनुवादाचं आणि इंग्रजी मजकूर तपासायचं काम करते, संध्याकाळी नोकरदारांची इंग्रजीची एक बॅचही घेते. तुमची तिन्ही वाक्यं माझ्याकडे आली असती तर तिन्हींवर लाल रेघ पडली असती, पण कारणं वेगवेगळी. पहिल्यात व्याकरण चुकलंय. दुसऱ्यात शब्दाचं वजन प्रसंगाला झेपत नाही. तिसरं व्याकरणात चोख आहे, आणि नुकसान मात्र सगळ्यात जास्त तेच करेल. म्हणजे अडचण अर्थ माहीत नसण्याची नाहीच. हा शब्द कुणाच्या बाजूने बोलतो, हे कुणी सांगितलेलं नाही, ही खरी अडचण.

आधी 'मोहक' बाजूला ठेवू. मोहक हसू असतं, मोहक रंग असतो, साडीचा काठ मोहक असतो. बघितलं, आवडलं, पुढे गेलो. 'एन्थ्रॉल' असं पुढे जाऊ देत नाही. या शब्दात जो 'थ्रॉल' आहे, तो जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला आणि त्याचा अर्थ होता गुलाम, वेठीला धरलेला माणूस. 'एन्थ्रॉल' म्हणजे मुळात गुलाम करणं. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये जादूचा रस डोळ्यांत पडलेली परीराणी गाढवाचं डोकं बसवलेल्या विणकरावर भाळते. त्याच्या रूपाने आपले डोळे अंकित झाल्याचं ती सांगते, तिथे हाच शब्द आहे. गुलामगिरी अजून ऐकू येते, पण आता ती खुशीची झाली आहे. आजच्या वापरात उरलं आहे ते एवढंच: समोरच्या गोष्टीने माझा ताबा घेतला, आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटला नाही.

मराठीत याला एकच एक शब्द शोधत बसू नका. 'भान हरपणे', 'गुंगवून टाकणे', 'भारून टाकणे', 'मंत्रमुग्ध करणे' यांतला जो वाक्यात सहज बसेल तो घ्यावा. 'मंत्रमुग्ध' मी स्वतः कमी वापरते. सूत्रसंचालकांनी तो इतका घासून घासून वापरला आहे की आता त्याने कुणीच मुग्ध होत नाही. बोलीच्या जवळचं हवं असेल तर 'वेळेचं भानच राहिलं नाही' हे साधं वाक्य बहुतेकदा काम करून जातं.

'इंटरेस्टिंग' आणि 'एन्थ्रॉलिंग' यांतला फरक बॅचमध्ये सांगताना मी कीर्तनाचा दाखला देते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेऊन त्याचं निरूपण करतात. तुम्ही ऐकता, मान डोलावता, मध्येच मनात म्हणता 'हे काही आपल्याला पटलं नाही', शेजारचीला हळूच काही सांगताही. डोकं तुमच्या ताब्यात असतं. हे झालं इंटरेस्टिंग. मग उत्तररंगात आख्यान सुरू होतं. गोष्ट माहीत असते, शेवट माहीत असतो, तरी झांजेच्या ठेक्यावर ती अशी चढत जाते की मांडीला आलेली रग आरती सुरू झाल्यावर जाणवते. हे एन्थ्रॉलिंग. इंटरेस्टिंग गोष्टीला तुम्ही लक्ष देता. एन्थ्रॉलिंग गोष्ट ते घेऊन जाते, तुम्हाला विचारत नाही.

यातूनच दुसरी खूण मिळते ती वेळेची. एन्थ्रॉल व्हायला वेळ लागतो. गाणं, गोष्ट, नाटक, भाषण, सामना, प्रवासवर्णन अशा उलगडत जाणाऱ्या गोष्टींना हा शब्द शोभतो. कंपनीचा लोगो एन्थ्रॉलिंग नसतो, चहाचा कप तर नसतोच. क्रिकेट बघत असाल तर पटकन कळेल. टी-ट्वेंटीचं शेवटचं षटक थ्रिलिंग. पाच दिवस इकडे-तिकडे झुकत राहिलेली कसोटी एन्थ्रॉलिंग. जाता जाता, 'थ्रिल' आणि 'थ्रॉल' कानाला भाऊ-भाऊ वाटले तरी नातं काही नाही. 'थ्रिल'चं मूळ भोसकणे, आरपार भोक पाडणे असं आहे, आणि 'नॉस्ट्रिल'मध्ये, म्हणजे नाकपुडीत, तेच भोक लपलेलं आहे.

आता याच्या आजूबाजूचे शब्द, कारण खरा गोंधळ तिथे होतो. 'रिव्हेटिंग' हा याच्या सगळ्यात जवळचा. रिव्हेट म्हणजे काय ते भोसरीच्या औद्योगिक भागातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये विचारा. दोन पत्रे एकत्र धरून आरपार घातलेली आणि दुसऱ्या टोकाला ठोकून डोकं बसवलेली धातूची खुंटी. ती स्क्रूसारखी फिरवून निघत नाही, कापावी लागते. मराठीतलं 'खिळवून ठेवणारं' त्याला इतकं चपखल आहे की जणू दोन्ही भाषांनी एकाच दुकानातून सामान आणलं असावं. रिव्हेटिंगमध्ये नजर हलत नाही, पुढे काय होणार याची ओढ असते. पण त्यात आनंद असायलाच हवा असं नाही, आणि एन्थ्रॉलिंगमध्ये तो असतोच. फरक इथेच पडतो.

एक उदाहरण देते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तो दिवस पाहिलेली माणसं पुण्यात अजून आहेत. अशा एखाद्या आजोबांनी सांगितलेली हकिकत तुम्ही इंग्रजीत लिहून काढलीत आणि वर 'अ‍ॅन एन्थ्रॉलिंग अकाउंट ऑफ द पानशेत फ्लड' असा मथळा दिलात, तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्हाला पुराची मजा वाटली. तिथे 'रिव्हेटिंग' चालेल, 'ग्रिपिंग' चालेल. मी लिहिताना 'ग्रिपिंग' घेईन, कारण तो अंगाला घट्ट धरतो आणि मिरवत नाही. आता तेच आजोबा त्यांच्या लहानपणी लकडी पुलाजवळ पोहायला शिकल्याची गंमत रंगवून सांगत असतील, तर खुशाल एन्थ्रॉलिंग म्हणा.

'एन्ग्रॉस्ड' हाही तुम्हाला भेटेल. त्याचं मूळ गमतीचं आहे. घाऊक भावात सगळाच्या सगळा माल उचलून बाजार आपल्या ताब्यात ठेवणे असा त्याचा एक जुना अर्थ. मार्केट यार्डातला सगळा कांदा एकट्याने उचलल्यासारखं तुमचं सगळं लक्ष एका गोष्टीने उचललं की तुम्ही एन्ग्रॉस्ड. कामात, पुस्तकात, मोबाइलमध्ये बुडालेल्या माणसाला हा लावावा. त्यात भारावणं नाही, फक्त बुडणं आहे. हिशेबाची वही जुळवतानाही माणूस एन्ग्रॉस्ड असू शकतो, पण त्या वहीने तो एन्थ्रॉल्ड झाला असेल तर घरच्यांनी चौकशी करावी. 'मेस्मराइज' हा अठराव्या शतकातल्या फ्रान्झ मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या आडनावावरून आला. माणसाच्या शरीरातल्या चुंबकशक्तीने रोग बरे करतो असा त्याचा दावा होता, आणि १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या चौकशी समितीने तो खोडून काढला. त्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. दावा गेला, शब्द राहिला. गारूड करणे, नजरबंदी होणे ही त्याची मराठी छटा.

आता तुमची वाक्यं.

पहिलं, सवाईचं. इंग्रजीत असं म्हणायचं तर 'एन्थ्रॉल्ड' हवं, 'एन्थ्रॉलिंग' नाही. हे पाठ करायला जाऊ नका, मराठीतून समजून घ्या. आपल्याकडे रंगणे आणि रंगवणे अशी दोन क्रियापदं आहेत. श्रोते गाण्यात रंगतात. गायक मैफल रंगवतो. तुम्ही रंगलात तर एन्थ्रॉल्ड, तुम्ही रंगवलंत तर एन्थ्रॉलिंग. 'बोअर्ड' आणि 'बोअरिंग'ची भानगडही हीच. 'आय अ‍ॅम बोअरिंग' म्हणणारा माणूस स्वतःची निंदा करत असतो आणि त्याला पत्ता नसतो. तुम्ही 'आय वॉज एन्थ्रॉलिंग' म्हणता तेव्हा त्याचा अर्थ होतो की मांडवात बसलेले सगळे व्यासपीठ सोडून तुमच्याकडे बघत होते.

त्याच वाक्यातला 'व्हेरी' काढा. 'व्हेरी टायर्ड' ठीक, कारण थकव्याला पायऱ्या असतात. भान हरपायला पायऱ्या नसतात; ते हरपतं किंवा हरपत नाही. जोर द्यायचाच तर 'कम्प्लीटली' किंवा 'अटर्ली'. तसं लिहिलेलं 'व्हेरी' अधूनमधून दिसतं आणि त्यासाठी कुणी तुरुंगात टाकत नाही, पण इंग्रजी कानाला ते खटकतं.

आणि एक गोष्ट व्याकरणापलीकडची. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव कित्येक दिवस चालतो. मध्ये तुम्ही चहाला उठता, ओळखीचे भेटतात, बटाटेवड्याच्या रांगेत उभं राहावं लागतं. सगळ्या महोत्सवाने सगळा वेळ भान हरपलं असं म्हटलं की कुणालाच खरं वाटत नाही. नेमकं काय ते सांगा. 'द क्लोझिंग भैरवी एन्थ्रॉल्ड मी' असं लिहिलंत की शब्द एकदम खरा होतो, कारण आता त्याला धरायला काहीतरी आहे. मी इथे कर्मणीपेक्षा कर्तरी रचना घेतली, तीही मुद्दाम. ताबा घेणारी भैरवी आहे, म्हणून ती आधी आली.

दुसरं वाक्य जीएसटीचं. इथे मला पूर्ण परिस्थिती माहीत नाही. कदाचित तुमचे प्रशिक्षक खरोखरच असे असतील की इनपुट टॅक्स क्रेडिट समजावताना लोक श्वास रोखून बसतात. तसं असेल तर मी शब्द मागे घेते आणि त्यांचा नंबर मागते. पण बहुधा तुम्हाला म्हणायचं होतं की सत्र उपयोगी होतं, कंटाळवाणं झालं नाही. मग 'एन्गेजिंग' किंवा 'युझफुल' म्हणा. 'एन्थ्रॉलिंग' हा भरजरी, लिखाणातला शब्द आहे. नाटकाच्या परीक्षणात तो शोभतो, ऑफिसच्या मेलमध्ये पैठणी नेसून भाजी आणायला गेल्यासारखा दिसतो. त्यातून आपलं गाव पुणं. इथे 'तुमचं जीएसटीचं भाषण ऐकून भान हरपलं' असं कुणी म्हणालं तर ऐकणारा आधी तपासतो की टोमणा आहे का. तुमच्या साहेबांनीही तपासलं असणार. मित्रमैत्रिणींशी बोलताना तर हा शब्द टाळाच. बोलण्यात लोक 'आय वॉज हुक्ड', 'आय कुडन्ट लुक अवे' असंच म्हणतात.

तिसऱ्या वाक्याशी मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे, कारण परदेशी विद्यापीठांसाठीची निवेदनं आणि नोकरीचे अर्ज तपासताना हाच प्रकार सारखा समोर येतो. 'आय अ‍ॅम अ‍ॅन एन्थ्रॉलिंग स्पीकर.' इंग्रजी म्हणून यात कुठेही बोट ठेवायला जागा नाही. पण ताबा घेतला गेला की नाही हे कोण ठरवणार? ज्याचा घेतला गेला तो. हा शब्द म्हणजे श्रोत्याने दिलेली साक्ष आहे. वक्त्याने तो स्वतःबद्दल वापरला की साक्षीदाराच्या पिंजऱ्यात स्वतःच उभं राहून स्वतःला निर्दोष ठरवल्यासारखं होतं. 'आय अ‍ॅम हार्डवर्किंग' हेही स्वतःचंच कौतुक, पण ते निदान तुमच्या हातातल्या गोष्टीबद्दल आहे. मेहनत तुम्ही करता. भान मात्र दुसऱ्याचं हरपतं, आणि त्याबद्दल बोलायचा हक्क त्याचा.

मग लिहायचं काय? असे अर्ज आले की मी ते विशेषण खोडते आणि फोन करून एकच विचारते: तुम्ही बोलता तेव्हा समोरचे लोक काय करतात ते सांगा. एका शिक्षिकेने अर्जात स्वतःला 'एन्थ्रॉलिंग स्टोरीटेलर' म्हटलं होतं. विचारल्यावर आधी म्हणाल्या, "मुलांना खूप आवडतं हो." म्हटलं, आवडतं हे कशावरून? थोडा वेळ गप्प राहिल्या, मग सांगितलं, "गोष्ट चालू असताना मधल्या सुट्टीची घंटा झाली ना, तरी पहिलीची पोरं डबे काढत नाहीत. म्हणतात, बाई आधी संपवा." हे! पहिलीतलं मूल डबा काढत नाही, याहून मोठं प्रमाणपत्र कुठल्या विद्यापीठाने दिलं असतं? अर्जात आम्ही तेवढंच साध्या इंग्रजीत लिहिलं की गोष्टीच्या मध्येच घंटा झाली तर माझ्या वर्गातली मुलं आधी गोष्ट संपवायला सांगतात. 'एन्थ्रॉलिंग' कुठेही नाही, आणि वाचणाऱ्याच्या मनात तोच शब्द येतो. तो त्याच्या मनात यायला हवा, तुमच्या कागदावर नव्हे.

तुम्ही कुठे बोलता हे तुमच्या प्रश्नात नाही, म्हणून तयार वाक्य देत नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन केलं असेल, सोसायटीच्या सभेत भांडणं मिटवली असतील, एकांकिका स्पर्धेत काम केलं असेल, काहीतरी असेलच. पुण्यातल्या 'पुरुषोत्तम करंडक' या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत, भरत नाट्य मंदिरात 'अरे, आवाज कुणाचा' असं ओरडणाऱ्या पोरांना तुमच्या एकांकिकेने गप्प बसवलं असेल, तर ते लिहा. पुण्याबाहेरच्या वाचकाला मात्र तो गोंगाट आधी एका ओळीत समजावून सांगावा लागेल, नाहीतर शांततेची किंमत कळायची नाही.

याला अपवाद आहेत. शिफारसपत्रात तुमच्या प्राध्यापकांनी 'अ‍ॅन एन्थ्रॉलिंग स्पीकर' लिहिलं तर उत्तम, कारण ते ऐकणाऱ्याच्या बाजूचे. नाटकाच्या जाहिरातीत, पुस्तकाच्या मलपृष्ठावर निर्माते आणि प्रकाशक स्वतःच्या मालाला हा शब्द सर्रास लावतात. तिथे तो चालतो, कारण जाहिरात म्हटल्यावर वाचक मनातल्या मनात निम्मं वजा करूनच वाचतो. शक्य असेल तर तिथेही एखाद्या परीक्षणातलं वाक्य अवतरणात द्यावं.

एक धोक्याची जागा राहिली. 'थ्रॉल' एकटाही वापरतात, आणि त्याचे दोन चेहरे आहेत. 'शी हेल्ड द ऑडियन्स इन थ्रॉल' हे कौतुक आहे, तिने श्रोत्यांना भारून ठेवलं. पण 'इन थ्रॉल टु' असं आलं की बहुधा शिवी समजावी. एखादा नगरसेवक 'इन थ्रॉल टु द बिल्डर्स' आहे असं वाचलंत तर त्याचं भान हरपलेलं नाही. तो त्यांच्या दावणीला बांधलेला आहे. 'एन्थ्रॉल'मध्ये मऊ झालेली ती जुनी गुलामगिरी इथे अजून टोचते.

बँकेच्या किंवा एमपीएससीच्या परीक्षेसाठी विचारत असाल तर वरचा बराचसा कीस विसरा. तिथे समानार्थी म्हणून 'कॅप्टिव्हेटिंग', 'फॅसिनेटिंग', 'स्पेलबाइंडिंग' यांतलं जे पर्यायात असेल ते बरोबर, विरुद्धार्थी म्हणून 'बोअरिंग' किंवा 'टीडियस'. परीक्षकाला छटा नको असते, गोल काळा करायचा असतो.

उच्चार करताना जोर 'थ्रॉल'वर द्या, आणि हा 'थ' आपल्या 'थवा'तला नाही. जीभ दातांच्या मध्ये ठेवून नुसती हवा सोडायची. स्पेलिंगचं म्हणाल तर ब्रिटिश पद्धतीत मूळ क्रियापदाच्या शेवटी एकच 'एल' असतो, अमेरिकनमध्ये दोन. 'एन्थ्रॉल्ड' आणि 'एन्थ्रॉलिंग'मध्ये मात्र दोन्हीकडे दोनच. अर्ज लंडनला जाणार की न्यूयॉर्कला ते बघून कॉम्प्युटरची भाषा आधी सेट करा, म्हणजे खाली लाल रेघ आली तरी गोंधळायला होणार नाही.